मोरधाऱ्याचा मठ आणि माझी मिशी

मोरधाऱ्याचा मठ बघायचा आणि परत यायचं, एवढंच ठरलं होतं. हे मी मुद्दाम आधी सांगतो, कारण नंतर आमच्या सोसायटीत नाना हकिकती पसरल्या. कुणी म्हणालं, मी नवस बोललो होतो. कुणी म्हणालं, संसाराला कंटाळलो होतो. तिसऱ्या मजल्यावरच्या एका बाईंनी तर माझ्या डोक्यातल्या कोंड्याला जबाबदार धरलं. यातलं काहीही खरं नाही. माझ्या डोक्यात कोंडा नव्हता. आता तर केसही नाहीत.

मठ बघायची हौस मनीषाची, म्हणजे माझ्या पत्नीची. त्र्यंबक रस्त्यानं जाऊन आत डोंगराकडे वळलं की हा जुना दगडी मठ लागतो. त्याच्या सभामंडपात खांबांवर आणि छतावर इतकं कोरीव काम आहे की दगड कुठे संपला आणि वेल कुठे सुरू झाली ते कळत नाही, असं तिला भिशीतल्या बायकांनी सांगितलं होतं. दर वर्षी ती म्हणायची, "अहो, एकदा जाऊन येऊ." मी म्हणायचो, उन्हाळ्यात दगड तापतात, पावसाळ्यात निसरडं होतं आणि हिवाळ्यात ऑफिसात ऑडिट असतं. निवृत्त झाल्यावर ऑडिट गेलं आणि माझी बाजू लंगडी पडली.

अंबडच्या एका कारखान्यात मी क्वालिटी कंट्रोलला होतो. जन्मभर दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढायच्या आणि त्याचा पगार घ्यायचा, असं ते खातं. निवृत्तीनंतर हा अनुभव वाया जाऊ नये म्हणून मी स्वयंपाकघरात उभा राहू लागलो. पोळ्यांच्या आकारात सातत्य नसणं, फोडणीत मोहरीचं प्रमाण रोज बदलणं, या गोष्टींकडे मी मनीषाचं लक्ष वेधत असे. ती शांतपणे ऐकून घेई. त्या शांततेचा अर्थ मी तेव्हा वेगळा लावत होतो.

समोरच्या फ्लॅटमधल्या गायधनी काकांना जिन्यात विचारलं आणि तिथेच पहिली चूक झाली. काकांना काही विचारलं की ते आधी डोळे मिटतात.

"मोरधारा का? गुरुवारी जा," ते डोळे मिटूनच म्हणाले. "गुरुवारी तिथं चिटपाखरू नसतं. आणि हे बघा खैरनार, छत बघायचं म्हणजे बस-स्टँडवर पंखा बघतात तसं बघायचं नाही. मान पूर्ण मागे टाकायची आणि तशीच ठेवायची. जाणकार तसंच बघतात."

"तुम्ही बघितलंय?"

"मला स्पाँडिलायटिस आहे," काका म्हणाले आणि दार लावून आत गेले.

तर गुरुवारी निघालो. खालच्या मजल्यावरच्या नजीर शेखांची व्हॅन ठरवली होती. माझे वडील, बापू, घरीच थांबले. वय चौऱ्याऐंशी, मूळ सटाण्याकडचे, तब्येत माझ्यापेक्षा बरी. "दगड काय बघाना?" म्हणाले. "आपला बागलाणमा कमी शेत का?" अहिराणीत 'शेत' म्हणजे 'आहेत'.

मठापाशी पोचलो तर चिटपाखरू नव्हतं हे खरं, कारण पाखरांना बसायला जागा नव्हती. जीपा, ट्रॅक्टर, मंडप, ढोल. कसला तरी मोठा दिवस होता. कसला, ते विचारायला मी खिडकीपाशी गेलो. खिडकीमागे कोठारी बसले होते. कोठारी म्हणजे मठाचा कारभार बघणारे गृहस्थ. ते म्हणाले, "आधार कार्डाची झेरॉक्स."

"आम्हाला फक्त मंडप बघायचाय."

"बघायलाच झेरॉक्स लागते. राहायला तर मूळ प्रत लागते."

झेरॉक्सचं दुकान गावात होतं आणि गावातली वीज गेली होती. वीज कधी येईल असं विचारलं तर दुकानदारानं आभाळाकडे बघितलं. तासाभरानं वीज आली. माझी झेरॉक्स नीट निघाली, मनीषाची काळी आली. दुसरी काढेपर्यंत वीज पुन्हा गेली. मी म्हटलं, मी पुढे होतो, तू मागून ये. त्यावर ती एवढंच म्हणाली, "छत आधी एकट्यानं बघू नका. बरोबर बघू." हे वाक्य मी ऐकलं होतं, हे कबूल करावं लागेल.

खिडकीपाशी कळलं की मंडपात पँट चालत नाही, पट्टा चालत नाही, शर्ट चालत नाही आणि मोबाइल तर बोलायलाच नको. पुरुषांनी मठाचं पांढरं धोतर आणि उपरणं घ्यायचं, बायकांनी उत्तरेच्या दारानं यायचं. एका सेवेकऱ्यानं मला तीन हिसक्यांत धोतर नेसवलं आणि माझे कपडे गाठोड्यात बांधून फळीवर फेकले. मी आरशात बघितलं. वाईट दिसत नव्हतो. मिशीला तर धोतरामुळे चांगलाच उठाव आला होता. पस्तीस वर्षांची जोपासलेली मिशी होती ती. कारखान्यात लोक माझ्या सहीपेक्षा मिशीला घाबरत.

मंडपात पाऊल टाकलं आणि खरं सांगतो, मी गप्प झालो. बाहेरच्या उन्हातून आत आलं की आधी नुसता गारवा लागतो, मग हळूहळू अंधारातून खांब पुढे येतात. प्रत्येक खांबावर मोर, आणि एक मोर दुसऱ्यासारखा नाही. कुणी पिसारा मिटतोय, कुणी पायाला चोच घासतोय. वर तुळयांना खांदा देऊन दगडी बुटके बसलेले. त्यातल्या एकाच्या चेहऱ्यावर तर इतका वैताग की तो सरकारी नोकर असावा. आणि छत! कमळात कमळ, त्यात पुन्हा कमळ. मी काकांच्या सांगण्याप्रमाणे मान पूर्ण मागे टाकली आणि तशीच ठेवून चालू लागलो.

एका कमळाला सात पाकळ्या होत्या, बाकीच्यांना आठ. माझ्यातला क्वालिटी कंट्रोल जागा झाला. मी मोठ्यानं म्हणालो, "हा पीस रिजेक्ट व्हायला हवा होता." मान आणखी मागे टाकून मी दुसरं सदोष कमळ शोधत गेलो. थोड्या वेळानं मान दुखायला लागली, गुडघे तर आधीपासून दुखतच होते. बाजूला पाटांवर धोतरवाली मंडळी ओळीनं बसली होती. सगळे माझ्याच वयाचे. मध्ये एक पाट रिकामा होता. मला वाटलं, हे जाणकार लोक बसून छत बघताहेत. मी बसलो. मान मागेच होती.

कुणीतरी डोक्यावर गार पाणी ओतलं. चैत्रातलं ऊन खाऊन आलेल्या माणसाच्या डोक्यावर कुणी गार पाणी ओतलं तर तो काय करेल? मी डोळे मिटले. मनात आलं, काय व्यवस्था आहे! मग डोक्यावर कुणाची तरी बोटं फिरली. आणि मग कपाळापासून थेट मानेपर्यंत काहीतरी सरळ, थंड असं गेलं.

मी डोळे उघडले. मांडीवर माझे केस पडले होते.

"अहो! काय करताय?"

"हलू नका काका," वस्तरा धरलेला माणूस म्हणाला. त्याचं नाव राजू, गावातला न्हावी. "धार लय हे. कापल बिपल."

"पण मी फक्त बघायला आलोय!"

"सगळे आधी बघायलाच येत्यात," राजू समजुतीनं म्हणाला.

तेवढ्यात कोठारी आले. मी त्यांना सांगितलं, मी खैरनार, गंगापूर रोडला राहतो, माझा काहीतरी घोटाळा झालाय. कोठारींनी माझ्या ओल्या खांद्यावर हात ठेवला. "नाव, गाव, घर... सगळं आता मागे ठेवायचं. ऐनवेळी मन कच्चं होतं. प्रत्येकाचं होतं."

"माझं मन कच्चं नाही!"

"मग उत्तम," ते म्हणाले आणि राजूला खूण करून पुढे गेले.

शेजारच्या पाटावरच्या गृहस्थांनी मग मला खुलासा केला. आज मठात वानप्रस्थाची दीक्षा होती. संसारातून निवृत्त झालेली माणसं घरदार सोडून कायमची इथं राहायला येतात. वर्षातून एकदा हा विधी होतो. अकरा जण यायचे होते, अकरा पाट मांडले होते, आणि अकरा डोकी भरली होती. त्यामुळे कुणाला शंका यायचं कारणच नव्हतं.

उठून पळावं असं मनात आलं. पण डोक्याच्या मधोमध, नव्या महामार्गासारखा, एक सरळ पट्टा तयार झाला होता. असं डोकं घेऊन मी कुठे जाणार होतो? अर्धवट माल मी आयुष्यात कधी गेटाबाहेर सोडला नाही. मी म्हणालो, "राजू, पूर्ण कर."

काम तो चांगलं करत होता. फक्त डाव्या कानामागे थोडं राहिलं, तिकडे मी त्याचं लक्ष वेधलं. कानामागे कोणत्या कोनातून वस्तरा धरावा हे मी त्याला समजावत होतो, हातवारे करत होतो, तेवढ्यात त्याचा हात पुढून फिरला. दोनदा फिरला. बोलता बोलता वरचा ओठ एकदम गार पडला.

"मिशी?" मी विचारलं.

"तीबी आली त्याच्यातच," राजू म्हणाला.

नंतर आम्हाला ओळीनं स्वामीजींपुढे उभं केलं. समोर दीक्षार्थींच्या घरची मंडळी बसली होती. कुणी डोळे पुसत होतं, कुणी डबा आणला होता. उत्तरेच्या दारातून मनीषा आत आली. हातात नवी झेरॉक्स. तिनं वर बघितलं नाही. छत बरोबर बघायचं ठरलं होतं ना! ती एकेका खांबाआड डोकावत आमच्या ओळीपाशी आली आणि नेमकं मलाच विचारलं, "अहो दादा, इथं आमचे मिस्टर दिसले का? मिशी आहे, आणि बोलत असतील."

"मनीषा," मी म्हणालो, "मीच."

तिनं माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. माझी अपेक्षा होती की ती किंचाळेल, निदान कोठारींना तरी चार शब्द सुनावेल. ती म्हणाली, "तुमच्या कानामागे थोडं राहिलंय."

"यांच्या घरच्या का तुम्ही?" स्वामीजींनी विचारलं. वृद्ध, अतिशय सौम्य माणूस. "बसा, माई. एकच प्रश्न असतो. सहधर्मचारिणीच्या अनुमतीशिवाय आम्ही कुणाला घेत नाही. हे घर सोडून इथं राहणार. तुमची अनुमती आहे?"

झालं, आता सुटलो, असं मला वाटलं. एका शब्दाचं काम होतं. दोन अक्षरी शब्द.

मनीषा म्हणाली, "इथं जेवणाची सोय मठाकडूनच असते का?"

"हो."

"आणि परत केव्हा पाठवता?"

"परत नाही, माई."

"असं," ती म्हणाली. आणि खाली बसली. पदराशी चाळा करत ती समोर बघत राहिली, आणि तिच्या चेहऱ्यावर असा भाव आला जो मी फक्त साडीच्या दुकानात बघितलेला आहे. दोन साड्या पुढ्यात ठेवून ती बसते, तेव्हाचा.

"मनीषा!" मी म्हणालो.

"थांबा हो जरा. विचारू द्या मला माझ्या मनाला."

ढोलवाल्यांनी ढोल थांबवले. माझं काय व्हायचं ते त्या पदराच्या टोकाशी चाललं होतं, आणि आश्चर्य म्हणजे मला राग येत नव्हता, भीती वाटत होती. एकतीस वर्षांत ही बाई मला 'नाही' म्हणेल की 'हो' म्हणेल हे मला आधीच ठाऊक असायचं. आज ठाऊक नव्हतं.

तेवढ्यात दारात ट्रंक आपटल्याचा आवाज झाला. देवळाली कॅम्पातले एक निवृत्त सुभेदार टाचा जुळवून उभे होते. बस वाटेत बंद पडल्यामुळे उशीर झाला, क्षमा असावी, असं त्यांनी परेडच्या आवाजात सांगितलं. वेळ जाऊ नये म्हणून डोकं घरूनच करून आणलं होतं. मागे त्यांच्या पत्नी होत्या. स्वामीजींनी त्यांच्याकडे वळून "माई, तुमची..." एवढंच म्हटलं असेल, तोच त्या म्हणाल्या, "आहे! आहे अनुमती!"

मनीषानं त्या बाईंकडे ज्या नजरेनं बघितलं, ती मी विसरायचा प्रयत्न करतोय.

आता डोकी बारा झाली. कोठारींनी दोनदा मोजली. मग घोटाळा उघड झाला. स्वामीजी माझ्याजवळ आले, हात जोडले आणि म्हणाले, "फार वाईट झालं. तुम्ही दोघं प्रसाद घ्या. मी स्वतः तुम्हाला मंडप दाखवतो."

मनीषाचे डोळे चमकले. पण माझा स्वाभिमान जागा झाला. मी म्हणालो, "आभारी आहे. बघितला तेवढा पुरे झाला." आणि तिचा हात धरून तडक बाहेर आलो. इतका तडक, की पँट, शर्ट आणि पट्टा फळीवरच राहिले. मोबाइल तेवढा सेवेकऱ्यानं धावत येऊन दिला.

नजीरभाईंनी मला बघितलं आणि व्हॅनचं दार उघडून धरलं. सातपूर मागे पडलं. मग म्हणाले, "साहेब, एक बोलू? गर्मीत बरं वाटत असेल."

मनीषानं तोंडाला पदर लावला. तिचे खांदे हलत होते. गंगापूर रोडला सोसायटीच्या फाटकात उतरलो तेव्हाही पदर तोंडालाच होता, डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि खांदे हलतच होते. मी पांढऱ्या धोतरात, मुंडण केलेला, मिशी नाही, मान खाली. नजीरभाईंनी अदबीनं दार लावलं आणि दुसरं भाडं होतं म्हणून निघून गेले. सोसायटीच्या सेक्रेटरी शुभांगीताई पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीत दोरीवरचे कपडे काढत होत्या. त्यांनी आमच्याकडे बघितलं. मग आमच्या गॅलरीकडे बघितलं. बापूंची संध्याकाळची खुर्ची रिकामी होती, कारण बापू आत झोपले होते.

मी अंघोळीला गेलो. बाहेर आलो तेव्हा मोबाइल थरथरत टेबलावरून खाली पडायच्या बेतात होता. सोसायटीच्या ग्रुपवर बापूंचा पंधरा ऑगस्टला झेंड्याखाली काढलेला फोटो, भोवती झेंडूची महिरप, खाली 'आमच्या परिवाराचे आधारवड श्री. गोटीराम खैरनार यांना भावपूर्ण श्रद्धांजली.' त्याखाली जोडलेल्या हातांची रांग.

मी काही लिहिणार, एवढ्यात बेल वाजली. बापू जागे होऊन आधीच दाराशी गेले होते. त्यांनी दार उघडलं. बाहेर जिन्यात खालपर्यंत पांढरे कपडे. सगळ्यांत पुढे गायधनी काका, डोळे मिटलेले, आवाज भरलेला. "खैरनार, धीर धरा. सोनं झालं त्यांचं. शेवटी शेवटी ऐकू कमी यायचं, चिडचिड वाढली होती, पण माणूस..."

"कोन गया?" बापूंनी विचारलं.

काकांनी डोळे उघडले. मागे शुभांगीताईंच्या हातात पिठलं-भाताचं पातेलं होतं, ते त्यांनी पडू दिलं नाही, हे त्यांचं मोठेपण.

"मी तं आठेच शे ना भो," बापू पायाखालच्या फरशीकडे बोट दाखवत म्हणाले. मग त्यांना माझं डोकं दिसलं. त्यांनी ते नीट न्याहाळलं, पातेल्याकडे बघितलं, आणि चौऱ्याऐंशी वर्षांच्या माणसाला जे कळायचं ते त्यांना कळलं. "या, आत या," ते म्हणाले. "वनात तं बसा." आलाच आहात तर बसा, असा त्याचा अर्थ.

पुढचा तासभर माझ्या आयुष्यातला सर्वांत अवघड तास होता आणि बापूंच्या आयुष्यातला बहुधा सर्वांत सुखाचा. त्यांनी मला शेजारी बसवून एकेक श्रद्धांजली वाचायला लावली. 'प्रेमळ' कुणी लिहिलं, ते विचारलं. 'आधारवड'चा अर्थ विचारला. दुसऱ्या मजल्यावरच्यांनी नुसते हात जोडले, शब्द एकही नाही, याची नोंद घेतली. गायधनी काकांना म्हणाले, "ते ऐकू कमी येत होतं, त्याच्या पुढचं सांगा." मधे मधे पिठलं-भात चालू होता. मी उभं राहून मठाची खरी हकिकत सांगायचा तीनदा प्रयत्न केला. लोकांनी मान डोलावली, पण विश्वास कुणीच ठेवला नाही. जाताना शुभांगीताईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "केस येतील हो. पण घरात काही त्रास असेल तर मोकळं बोलत जा."

सगळे गेल्यावर मी मनीषाला विचारलं. विचारणारच होतो. "खरं सांग. तू हो म्हणणार होतीस?"

ती पातेलं घासत होती. "म्हणणारच होते."

"मग?"

"मग त्या स्वामीजींकडे बघितलं. इतका सज्जन माणूस हो. म्हटलं, त्यांनी कुणाचं काय वाईट केलंय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी कोठारींचा फोन आला. तुमचे कपडे इथं आहेत आणि आमचं धोतर तिथं आहे, म्हणाले. मी जायला उठलो, तर मनीषा म्हणाली, "तुम्ही राहू द्या. मी जाते नजीरभाईंबरोबर. माझं छत बघायचं राहिलंय." मी म्हटलं, मीही येतो, बरोबर बघू. ती चप्पल घालता घालता म्हणाली, "बघितलंत ना तुम्ही." बोलण्यात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं.

ती गेली. मी आणि बापू घरी राहिलो. दुपारी मी पोळ्या केल्या. त्यांच्या आकाराविषयी इथं काही लिहीत नाही. बापूंनी एक पोळी हातात उचलून उजेडात धरली, नकाशा बघावा तशी बघितली, आणि खाल्ली.

दिवेलागणीला मनीषा आली. धोतर दिलं होतं, कपडे आणले होते. पाणी प्यायली आणि खुर्चीत बसली. उन्हानं चेहरा तापला होता, पण कसलीतरी घाई उतरल्यासारखी दिसत होती. असं तिला मी फार दिवसांत बघितलं नव्हतं.

"कसं होतं छत?" मी विचारलं.

"शांत," ती म्हणाली.

"छत शांत कसं असेल?"

"कुणी बोलत नव्हतं. मी भिंतीला टेकून बसले होते. बघत होते. स्वामीजी आले, तेही बसले. तेही काही बोलले नाहीत."

माझ्याकडे विचारायला बरंच होतं. खांब किती बघितले, मोर नीट दिसले का, प्रकाश कोणत्या बाजूनं होता. तोंड उघडलं. मग ते मिटलं, आणि तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसलो. बाहेर रस्त्यावर वाहनं जात होती. आत बापू घोरत होते. आम्ही दोघं बसून राहिलो.

बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "हं. अगदी असं."